‘आम्हाला कोणाची गरज नाही’ : वृद्ध पालकांचा नकार आणि घरातील आधाराचा प्रश्न

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेखाली रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्याची सुरुवात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. एका कुटुंबासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण सुमारे सहा कोटी ज्येष्ठांना मिळावे, असे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. वृद्धांच्या आजारपणाचा खर्च हा केवळ गरिबांचा प्रश्न नाही, हे त्यातून प्रथमच धोरणाच्या पातळीवर मान्य झाले. मात्र हे संरक्षण रुग्णालयात भरती झाल्यावर सुरू होते आणि घरी सोडल्यानंतरचे थोडे दिवस धरले, तर तेथेच संपते.

वार्धक्याचा बहुतेक काळ रुग्णालयात नव्हे, घरात जातो. न्हाणीघर, जिना, गॅसची शेगडी, औषधांचा डबा आणि रात्री दोन-तीनदा उठावे लागणे, एवढ्यात त्याचे बरेचसे प्रश्न सामावलेले असतात. त्यांवर उपाय म्हणून मुले दिवसभरासाठी एखादी बाई ठेवू पाहतात, न्हाणीघरात आधाराची दांडी बसवू पाहतात, किंवा ‘आता आमच्याकडे चला’ असे सुचवतात. असंख्य घरांत त्यावर एकच उत्तर मिळते : ‘आम्हाला कोणाची गरज नाही.’ वृद्धांविषयीची आपली सार्वजनिक चर्चा आजवर मुलांनी वाऱ्यावर सोडलेल्या पालकांभोवती फिरत आली आहे, आणि तो प्रश्न खराही आहे. परंतु मुले द्यायला तयार आहेत आणि पालक घ्यायला तयार नाहीत, ही स्थिती त्या चर्चेत क्वचितच येते. कायद्यात तर तिला जागाच नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहकार्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ साठी ही संख्या १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के मानली आहे. २०५० पर्यंत ती ३४.७ कोटींवर, म्हणजे २०.८ टक्क्यांवर जाईल, असा अंदाज आहे. त्याच संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या ‘लासी’ या पाहणीत साठीपुढील सुमारे २४ टक्के व्यक्तींना अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, अंथरुणातून उठणे, खोलीत चालणे किंवा शौचालयाचा वापर यांपैकी किमान एका बाबतीत अडचण असल्याचे आढळले. स्वयंपाक, खरेदी, पैशांचे व्यवहार, औषधे वेळेवर घेणे यांसारख्या कामांतील अडचण धरली, तर प्रमाण ४८ टक्क्यांपर्यंत जाते. ही आकडेवारी गरज मोजते. अडचण असलेल्यांपैकी किती जण पुढे आलेला हात नाकारतात, हे तिच्यात दिसत नाही.

परिस्थितीचे रूप प्रांतागणिक बदलते. जगभर परिचारिका पाठवणाऱ्या केरळमध्ये प्रशस्त घरात दोघेच वृद्ध राहत असल्याचे चित्र नवे नाही. पंजाबच्या दोआब भागातील कित्येक घरांतील मुले कॅनडात आहेत. उत्तराखंडच्या डोंगराळ गावांत तरुण हात मैदानी शहरांकडे गेले. कोकणातील गावात आई-वडील आणि मुंबईत चाकरमानी मुलगा, ही तर चार पिढ्यांची रीत. पुण्यातील मध्यमवर्गात मुंबईची जागा अमेरिकेने घेतली. या सर्व ठिकाणी पैसे पाठवणे सोपे झाले आहे. बँकेतून पैसे क्षणात पोचतात, औषधे घरपोच येतात, दूरध्वनीच्या पडद्यावर चेहरा दिसतो. अडते ते घरात माणूस आणण्यापाशी.

नकारामागचा हिशेब

मुलांच्या तोंडी या नकारासाठी एकच शब्द असतो : हट्ट. तो सोयीचा आहे, कारण हट्टाचे कारण शोधावे लागत नाही. प्रत्यक्षात बहुतेक नकारांमागे एक हिशेब असतो, आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो.

ज्या आईने चाळीस वर्षे घर चालवले, तिच्यासाठी स्वयंपाकघरात येणारी बाई ही केवळ मदत नसते. डबे कोठे ठेवायचे, फोडणी कशी घालायची, दूधवाल्याला किती पैसे द्यायचे, हे ठरवणारे दुसरे कोणी घरात आले, एवढेच तिला दिसते. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आता बहुतेक घरांतून गेला आहे. त्याने जो अधिकार दिला होता, तो मात्र शिल्लक आहे आणि तो जाण्याची भीती खरी आहे. वडिलांच्या बाबतीत हीच गोष्ट बँकेचे पासबुक, वाहन चालवणे आणि एकट्याने फिरायला जाणे यांच्याशी जोडलेली असते. मदत स्वीकारली की निर्णयही दुसऱ्याकडे जातात, हे त्यांनी आपल्या आई-वडिलांच्या बाबतीत पाहिलेले असते. कित्येकदा ते निर्णय त्यांनी स्वतःच काढून घेतलेले असतात.

दुसरा हिशेब पायऱ्यांचा आहे. आज काठी, उद्या चाकांची खुर्ची; आज दिवसाची बाई, उद्या चोवीस तासांची; आणि मग एके दिवशी घर बंद करून मुलाच्या शहरात, त्याच्या तिसऱ्या खोलीत. पहिली पायरी नाकारणारा वृद्ध बहुधा शेवटची पायरी नाकारत असतो. मुलांना वाटते की प्रश्न न्हाणीघरातील दांडीचा आहे. वडील मात्र घर सुटण्याविषयी बोलत असतात. दोघांचे संभाषण जुळत नाही, यात नवल नाही.

पैशाचे कारण सांगितले जाते तेव्हा तेही खोटे नसते. शहरांतील नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांच्या पाळीसाठी येणाऱ्या मदतनिसाचा महिन्याचा खर्च अनेक निवृत्तिवेतनधारकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग खाऊन टाकतो. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही, त्यांच्यासाठी तो विषयच संपतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा आजही ६० ते ७९ या वयासाठी दरमहा २०० रुपये आणि ८० वर्षांपुढे ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तरी त्या रकमेत कोणी सोबतीला राहणार नाही. मुलगा पैसे देतो म्हटले, तरी ज्यांनी आयुष्यभर कोणाचे मिंधेपण पत्करले नाही, त्यांना पोटच्या मुलाचेही मिंधे होणे जड जाते.

याखेरीज लाज आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सुनेकडून अंघोळ घालून घेणे सासऱ्याला अशक्य वाटते, आणि अनोळखी पुरुषाने उचलून बसवणे वृद्ध स्त्रीला. कमी ऐकू येणारा माणूस नव्या व्यक्तीशी बोलणे टाळतो आणि ‘नको’ म्हणणे त्याला सोपे जाते. एकट्या वृद्धांच्या घरी घडलेल्या चोरीच्या व हत्येच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. दिल्ली पोलिसांनी २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला आणि अन्य शहरांतही नोकरांच्या पोलीस पडताळणीची सोय आहे. पण अनेक कुटुंबे ती पार पाडत नाहीत आणि मग वृद्धांच्या भीतीला संशयी स्वभाव म्हणतात.

मराठी भाषेचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘काळजी’ हा एकच शब्द आपण चिंता आणि शुश्रूषा या दोन्ही अर्थांनी वापरतो. ‘तुमची काळजी वाटते’ आणि ‘तुमची काळजी घेतो’ यांत मुलांना फरक जाणवत नाही. ऐकणाऱ्याला जाणवतो. पहिल्या वाक्यात मुलांची अस्वस्थता दूर करायची असते. साता समुद्रापलीकडून दिवाणखान्यात बसवलेला कॅमेरा हे त्याचे सध्याचे ठळक उदाहरण. तो कोणाच्या मनःशांतीसाठी बसवला गेला, हे त्याच्यासमोर दिवसभर बसणाऱ्याला पुरते कळते.

नकाराची किंमत कोण देते

नकार समजून घेणे म्हणजे तो जसाच्या तसा मान्य करणे नव्हे. ‘आम्हाला कोणाची गरज नाही’ या वाक्यातील ‘आम्ही’ कोण, हे विचारावे लागते. कित्येक घरांत ते वाक्य ऐंशीचा नवरा उच्चारतो आणि त्याचा भार पंचाहत्तरीची पत्नी उचलते. रात्री त्याला उठवणे, चादरी बदलणे, पथ्याचे वेगळे करणे हे सारे तिच्याकडे असते आणि तिच्या स्वतःच्या गुडघ्यांची गणना कशातच होत नाही. जेथे सून आहे तेथे तिच्याकडे, जेथे मुलगी गावातच आहे तेथे तिच्याकडे. ‘बाहेरचे माणूस नको’ याचा व्यवहारातील अर्थ ‘घरातील बाईने करावे’ असा होतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर पाहणीत घरातील व्यक्तींची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत असल्याचे दिसले. यात मुलांचे संगोपनही आले. घरकामाचा फरक याहून मोठा होता : स्त्रिया २९९ मिनिटे, पुरुष ९७. वृद्धाच्या स्वायत्ततेचा आदर राखताना तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातून वसूल होत असेल, तर तो आदर अपुरा आहे. आपल्याकडे अशी सून ‘सेवाभावी’ ठरते आणि प्रश्न तेथेच मिटतो.

काही नकारांचे मूळ आणखी खोल आहे. स्वयंपाकघरात आणि देवघरात कोणी यावे, कोणाच्या हातचे पाणी चालावे, याचे जुने नियम शहरांतील सुशिक्षित घरांतही पूर्ण गेलेले नाहीत. मदतनिसाची जात किंवा धर्म आडून विचारला जातो. कधी आडूनही नाही. याला वृद्धांचे स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. शरीराची स्वच्छता करण्याचे सर्वांत जिकिरीचे काम ज्या स्त्री-पुरुषांकडे सोपवले जाते, त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवणाऱ्या घरात माणूस टिकत नाही, आणि त्यावरून ‘हल्ली चांगली माणसे मिळत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो.

कायद्याच्या नजरेतील वृद्ध

वृद्धांसाठीचा देशातील प्रमुख कायदा म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. मुलांनी सांभाळ नाकारल्यास पालक न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास, कलम २३ खाली परत मिळवता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावला आणि एका मातेने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. मालमत्ता गमावण्याची भीती अनेक नकारांच्या मुळाशी असल्याने या निकालाला घराघरांत महत्त्व आहे.

तरीही या कायद्याच्या चौकटीत उभा असलेला वृद्ध मागणारा आहे. ‘चरितार्थ’ या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतात. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. म्हणजे घरात मुलांचा पैसा आणि घराबाहेर वृद्धाश्रम. या दोहोंच्या मध्ये, स्वतःच्या घरी राहून लागेल तेवढाच आधार घेणे, हा पर्याय २००७ च्या कायद्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात तो प्रथम आला. दैनंदिन हालचाली कठीण झालेल्या ज्येष्ठांना घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, त्यांचे किमान निकष, प्रशिक्षित व प्रमाणित मदतनीस अशा तरतुदी त्यात होत्या. निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा काढण्याचेही त्यात सुचवले होते. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. पण मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळले.

परिणाम असा की, घरी येणाऱ्या मदतनिसाचे प्रशिक्षण, तिच्या कामाचे तास, तक्रारीची सोय हे सारे त्या त्या ब्युरोवर अवलंबून राहते. कोणी आठवड्यात तीन वेळा बदलते, कोणी न सांगता निघून जाते. तिच्या बाजूने पाहिले तर बारा तास उभ्याने काम, मधल्या दलालाचा हप्ता आणि सुटीची खात्री नाही. अशा व्यवस्थेतून आलेल्या अनोळखी माणसावर आपले शरीर सोपवायला ऐंशी वर्षांची व्यक्ती तयार नसेल, तर दोष तिच्या स्वभावाला देता येत नाही. आरोग्यक्षेत्रातील कौशल्य प्रशिक्षणात घरपोच शुश्रूषेचे अभ्यासक्रम आहेत, केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत वृद्धसेवकांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नीती आयोगाने ज्येष्ठांच्या देखभालीतील सुधारणांवर टिपणही प्रसिद्ध केले. कागदावर दिशा आहे. दारात येणाऱ्या माणसामागे उभी असणारी विश्वासार्ह यंत्रणा अद्याप नाही.

केरळ आणि जपान

ही यंत्रणा कशी असू शकते, याचे एक उत्तर देशातच आहे. कोळिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेले वेदनाशामक उपचारांचे काम पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांच्या स्वयंसेवी जाळ्यात रूपांतरित झाले. केरळ सरकारने २००८ मध्ये त्यासाठी धोरण स्वीकारले; असे करणारे ते देशातील पहिले राज्य. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साहाय्याने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. आरंभ कर्करोगाच्या रुग्णांपासून झाला, पण अंथरुणाला खिळलेले वृद्धही लवकरच त्यात आले.

या कामाकडे सहसा वैद्यकीय यश म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. दारात येणारी परिचारिका मुलाने नेमलेली नसते. ती पंचायतीची असते. तिच्यासोबतचा स्वयंसेवक त्याच वाडीतील, ओळखीचा असतो. कोणाच्या उपकाराखाली जावे लागत नाही, आणि घरातील कोणाची जागाही घेतली जात नाही. मुलाने पाठवलेल्या बाईला जो वृद्ध ‘नको’ म्हणतो, तोच पंचायतीच्या परिचारिकेला रक्तदाब तपासू देतो.

जपानने १ एप्रिल २००० पासून सक्तीचा दीर्घकालीन देखभाल विमा लागू केला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण वर्गणी भरतो, गरजेची तपासणी होऊन श्रेणी ठरते आणि खर्चाचा दहा ते तीस टक्के वाटा लाभार्थी स्वतः देतो. त्यापूर्वी अशा सेवा नगरपालिका ‘मंजूर’ करीत असत आणि त्या घेण्यात कमीपणा मानला जाई. विमा आल्यावर वृद्ध याचक राहिला नाही. वर्गणी भरलेली सेवा तो मागू लागला. वाढती वर्गणी आणि मनुष्यबळाची टंचाई हे प्रश्न तेथेही आहेत. भारताने तोच आराखडा उचलावा, असे नाही. येथे वर्गणी कापायला नियमित वेतनच बहुसंख्यांना नाही. पण मदतीचे रूप बदलले की नकाराचे प्रमाणही बदलते, एवढे त्यातून दिसते.

आपल्याकडेही अशी छोटी उदाहरणे आहेत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याचे निर्देश बँकांना दिले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदान करण्याचा पर्याय देशभर प्रथमच उपलब्ध झाला. त्यासाठी मतदाराने स्वतः अर्ज करायचा होता, आणि ज्यांना केंद्रावर जायचे होते त्यांना ती मुभा होतीच. ‘तुम्हाला आता जमणार नाही’ असे येथे कोणी कोणाला सांगितले नाही.

स्वीकार कसा घडतो

वृद्धांसोबत काम करणारे डॉक्टर आणि समाजसेवक याच धर्तीचा सल्ला देतात, आणि तो बहुतेक कुटुंबांच्या प्रथेविरुद्ध जातो. प्रथा अशी : वडील पडतात, भावंडांची दूरध्वनीवर बैठक होते, निर्णय होतो आणि सोमवारी सकाळी बाई दारात उभी राहते. ज्याच्यासाठी हे सारे, त्याला रविवारी रात्री कळवले जाते. याऐवजी अडचण कशाची वाटते, हे आधी त्यांनाच विचारले, तर उत्तर पुष्कळदा अनपेक्षित मिळते. मुलीला आईच्या पडण्याची धास्ती असते; आईला मात्र गॅसचे सिलिंडर बदलायला कोणी नसते, याचा त्रास होत असतो. सुरुवात तेथून करता येते.

मदत व्यक्तीसाठी नव्हे, घरासाठी आहे, असे म्हटल्यानेही फरक पडतो. ‘तुमच्यासाठी बाई’ नाकारली जाते; ‘भांडी, बाजार आणि वरकामाला’ येणारी स्वीकारली जाते आणि काही महिन्यांत तीच हात धरून जिना उतरवू लागते. माणूस निवडताना वृद्धाने स्वतः बोलून पाहिले, पगार त्यांच्या हातून दिला गेला, महिनाभर पाहून ठेवायचे की नाही हा निर्णय त्यांच्याकडे राहिला, तर ती ‘आपली’ होते. घरी येणारी बाई चार दिवसांत ‘मावशी’ होते आणि तिच्या तोंडी ‘आजी-आजोबा’ येते; आपल्या समाजाने परक्याला घरात सामावण्यासाठी नात्यांचा हा मार्ग पूर्वीच तयार ठेवला आहे. अर्थात ‘मावशी’ म्हटल्याने तिची साप्ताहिक सुटी बुडवण्याचा परवाना मिळत नाही.

काही बदलांना माणूस लागतच नाही. न्हाणीघरात न घसरणारी चटई, कमोडशेजारी दांडी, रात्रीचा मंद दिवा, चालण्याच्या वाटेवरची सतरंजी उचलणे, रोज लागणारी भांडी खालच्या फळीवर आणणे. हे एका दिवसात घर उलटेपालटे करून केले तर वाद होतो. एकेक करत गेल्यास बहुधा होत नाही. काठी किंवा श्रवणयंत्र मुलांनी आणले तर कपाटात पडून राहते, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले तर वापरले जाते. कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशी साधने २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून विनामूल्य मिळतात. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकरकमी ३ हजार रुपये दिले जातात. समवयस्कांचा शब्द तर मुलांच्या शब्दापेक्षा नेहमीच जड. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत ‘मी गेल्या वर्षी बाई ठेवली’ असे एखाद्याने सहज सांगितले, की इतरांना ती हार वाटेनाशी होते.

जेथे नकार पुरेसा नसतो

एक फरक मात्र कुटुंबांनी वेळीच ओळखायला हवा. आयुष्यभर एकलकोंड्या असलेल्या माणसाचा नकार वेगळा आणि काल-परवापर्यंत मिसळणाऱ्या माणसाने अचानक सर्व दारे लावून घेणे वेगळे. अचानक आलेला चिडचिडेपणा, संशय, जेवणावरची वासना उडणे यांमागे नैराश्य, मूत्रमार्गाचा संसर्ग, थायरॉइडचा विकार, जीवनसत्त्वाची कमतरता किंवा औषधांचा दुष्परिणाम असू शकतो. तेथे समजूत घालण्याआधी तपासणी हवी. स्मृतिभ्रंशात तर आपल्याला काही झाले आहे, याचे भानच आजारामुळे हरपलेले असते. ‘मी ठणठणीत आहे’ हे वाक्य तेव्हा आजाराचेच लक्षण असते. ‘लासी’ पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे.

अशा वेळी निर्णय कोणी घ्यावा? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ४ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्व आहे : एखाद्याचा उपचाराविषयीचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. वृद्ध पालकांच्या बाबतीत हे वाक्य घरोघरी वाचले जावे असे आहे. त्याच कायद्याने सक्षम असताना आपला प्रतिनिधी नेमून ठेवण्याची सोय दिली आहे. साध्या कागदावर स्वाक्षरी किंवा अंगठा पुरेसा आहे. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही संपूर्ण पालकत्वाऐवजी, व्यक्तीला सोबत घेऊन निर्णय करणाऱ्या मर्यादित पालकत्वावर भर आहे. उलट, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची पालकत्वाची सुलभ व्यवस्था स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता एवढ्यांपुरती आहे. स्मृतिभ्रंश तीत येत नाही. त्यामुळे बहुतेक घरांत मुले कोणत्याही अधिकाराविना परस्पर निर्णय घेतात आणि बँक किंवा मालमत्तेचा प्रश्न आला, की अडतात. वडिलांना आपली मुले, आपले घर आणि आपला पैसा यांविषयी काय हवे आहे, हे विचारण्याची वेळ ते सांगू शकतात तेव्हाची असते. बहुतेक कुटुंबांत तो विषय अशुभ मानून टाळला जातो.

गॅस उघडा राहणे, औषधे दोनदा घेतली जाणे, रस्ता चुकणे असे प्रकार घडू लागल्यावर नकाराचा मान राखणे म्हणजे हात झटकणे होय. तेथे मदत आणावीच लागते. तेव्हाही कोणता सदरा घालायचा, चहा किती वाजता, खिडकी उघडी की बंद, हे निर्णय त्या व्यक्तीकडे राहू शकतात, आणि अनुभवी मदतनीस ते तसेच ठेवतात.

सल्ल्यासाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ राष्ट्रीय हेल्पलाइन ऑक्टोबर २०२१ पासून देशभर उपलब्ध आहे. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत, आठवड्याचे सातही दिवस ज्येष्ठांना स्वतः किंवा त्यांच्या मुलांना तेथे विनामूल्य दूरध्वनी करता येतो. निवृत्तिवेतन, कायदा व देखभालीची माहिती, मानसिक आधार आणि निराधार वृद्धांना साहाय्य असे तिच्या कामाचे स्वरूप आहे.